दारातलं पोतं आणि दोन वकील

विरुद्ध पक्षाच्या वकिलाला स्वतःच्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसवून, आणि वर तिच्या पायाशी आपल्याच अशिलाची फाईल ठेवून पुण्याहून साताऱ्याला नेणारा वकील जगात मी एकटाच असेन. यात औदार्य काही नाही. दुसरी गाडी सांगायची राहून गेली, एवढंच.

मी पुण्यात वकिली करतो. दारावरच्या पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय व्यापार करार’ असे शब्द आहेत. ते वाचून आमच्या सोसायटीतल्या लोकांना वाटतं, की मी सुटाबुटात विमानातून देशोदेशी फिरतो. खरं म्हणजे देशोदेशी फिरतो तो माल. मी खुर्चीत बसून त्याचे कागद करतो. द्राक्षं बांगलादेशात जातात, हळद नेपाळात जाते, आणि मी चार वाजता कोपऱ्यावर चहाला जातो.

पण सांगलीच्या भरत चौगुल्यांच्या हळदीनं मला खुर्चीतून उठवलं. चौगुल्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची हळद पावडर त्यांच्या वडिलांच्या काळापासून नेपाळात बीरगंजच्या एका व्यापाऱ्याकडे जाते. या खेपेला सीमेवरच्या तपासणीत पावडरीत न खायच्या लाल रंगाचा अंश सापडला आणि ट्रक तिथल्या गोदामात अडकला. व्यापाऱ्यानं वकील दिला. अण्णांचा वकील मी होतोच. करारात एक कलम होतं: वाद झाल्यास दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून, माल जिथून निघाला तिथे जाऊन पाहणी करावी आणि संयुक्त अहवाल द्यावा. हे कलम मीच लिहिलेलं. करार जरा भरगच्च दिसावा म्हणून घातलं होतं. त्याचा कुणी खरोखर उपयोग करील अशी शंकाही मला आली नव्हती.

आता आठवड्याच्या आत अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या नाहीत, तर माल नष्ट होणार होता आणि चौगुल्यांचं नाव तिथल्या बंदीच्या यादीत जाणार होतं.

“माल जाऊ दे साहेब,” अण्णा फोनवर म्हणाले. “पण चौगुले हळदीत रंग घालतात असं त्या गावात लोक बोलणार. ते मला न्हाई सोसायचं.”

विरुद्ध बाजूच्या वकील होत्या सरिता श्रेष्ठ. काठमांडूहून दिल्लीमार्गे पुण्यात उतरल्या, काळा कोट हातावर, पाठीवर सॅक. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, आणि तयारीनं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आमचं बोलणं हिंदीत होत असे. इथे मी ते मराठीत देतोय. गाडीत केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यामुळे खंबाटकी ओलांडेपर्यंत आम्ही फक्त डाळीवर बोललो.

सातारा

मार्गदर्शक होण्याची हौस मला फार. साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा समोरच्या डोंगराकडे हात करून मी अजिंक्यताऱ्याची माहिती सुरू केली. तट कसा, वाट कुठून, वरून गाव कसं दिसतं. मॅडम अगदी मन लावून ऐकत होत्या, एकदोन गोष्टी टिपूनही घेत होत्या. चहावाल्यानं माझं सगळं होऊ दिलं, कप उचलले आणि शांतपणे म्हणाला, “सायेब, किल्ला तुमच्या पाठीमागं हाय. हा येवतेश्वराचा डोंगर.”

मॅडमनी वहीतल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. विरुद्ध बाजूच्या वकिलाला माझ्या विश्वासार्हतेबद्दल जे कळायला एरवी दोन तारखा लागल्या असत्या, ते असं अर्ध्या कपात कळलं.

तिथून मेढ्याच्या रस्त्याला लागलो. अडकलेल्या मालातली काही हळद मेढ्याजवळच्या सुभेदार जाधवांच्या शेतातली होती. फौजेतून निवृत्त झालेले, गावात तात्या. माझे पहिले साक्षीदार. त्यांना काय विचारायचं आणि मॅडमना त्यांच्यापासून कसं लांब ठेवायचं, याचा मी गाडी चालवताना पक्का बेत केला होता.

गाडी वळली आणि बेत विसरलो. डोंगर उन्हानं करपून तपकिरी झालेला, खाली वेण्णेच्या कडेची हिरवळ, आणि त्या दोहोंच्या मधे शिजवलेली हळद वाळत घातलेलं एक अख्खं खळं. पिवळा रंग मी आजवर पाहिला होता असं मला वाटत होतं. तो पाहिला नव्हता. हळद शिजवायच्या काहिलीतून वाफ उठत होती, तिच्यात मातीचा, पाल्याचा आणि कुठल्यातरी लग्नघराचा वास एकत्र होता. वकिलीच्या कागदांत मी या वस्तूला ‘सदर माल’ म्हणत आलो होतो. सदर माल उन्हात झगझगत होता.

“आवं, किती उशीर केलासा वकीलसायेब,” तात्या पुढे आले. मग मॅडमकडे वळून, जणू रोजचंच असल्यासारखं म्हणाले, “बहिनी, बस्नुस्. चिया खानुस्.”

मॅडम गाडीच्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. आपल्या भाषेत कुणी बस म्हणून सांगेल, चहा घे म्हणेल, हे मेढ्यात तरी त्यांना अपेक्षित नसावं.

“तात्या, तुम्हाला नेपाळी येतं?”

“आमची आन गोरख्यांची पलटण शेजारी शेजारी हुती की. पाण्याचं टाकं एकच. रोज भांडणं. आदी शिव्या शिकलो, मग बाकीचं आपसूक आलं.”

त्यानंतर माझा साक्षीदार आणि विरुद्ध बाजूची वकील बाजेवर बसून मला एक शब्द कळत नाही अशा भाषेत गप्पा मारू लागले. साक्षीदाराला इशारा द्यावा म्हणून मी खोकलो. पुन्हा खोकलो. तात्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, “आगं, सायबास्नी हळदीचं दूध आन. छातीत भरलंय त्यांच्या.” मग मला भर दुपारी, उन्हात, तांब्याभर कडकडीत हळदीचं दूध प्यावं लागलं. ते घशाखाली उतरवताना मी मागे टेकलो, तो वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगावर. माझी पँट पांढरी होती. शेतावर पांढरी पँट घालून जाणाऱ्या माणसाबद्दल जे काही म्हणायचं ते तात्यांच्या बायकोनं एका नजरेत म्हटलं.

निघताना मी तात्यांना बाजूला घेतलं. “मॅडम काय विचारत होत्या?”

“हळदीत काय घालता म्हणून.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“म्या म्हणलं, घालायचं म्हणजे आदी इकत आनायला नगं? एवढं पैसं असतं तर पोराला ट्रॅक्टर न्हाई का घेतला.”

यापेक्षा चांगला जबाब मला तीन पानांत लिहिता आला नसता.

कडेगावावरून सांगली

दुसऱ्या दिवशी कऱ्हाड सोडल्यावर ऊस सुरू झाला. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या, त्यांच्यावर डोलणारे उसाच्या शेंड्यांचे वाढे, आणि त्यांच्यामागे बैलगाडीच्या चालीनं आमची गाडी. एका धाब्यावर आख्खा मसूर खाल्ला. मॅडमनी पहिला घास घेतला आणि वाटीत आणखी मसूर वाढून घेतला. मग म्हणाल्या, “आमच्याकडे दोन वेळा डाळ-भात असतो. डाळीत बेसार नसेल तर आई म्हणते डाळ आजारी दिसते.” बेसार म्हणजे हळद. “लहानपणी मला वाटायचं, बेसार दुकानातच तयार होतं.”

“मला कालपर्यंत तसंच वाटत होतं,” मी म्हणालो. या एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत नोंदवायला हरकत नव्हती.

कडेगावला अण्णा आम्हाला येऊन मिळाले. पन्नाशीचे, शांत, शर्टाच्या खिशात चष्मा. त्यांनी आणखी दोन शेतं दाखवली. मॅडमनी प्रत्येक ठिकाणी हळकुंड मोडून पाहिलं, धुतलेलं पाणी पाहिलं, हळकुंडं घासायचं पॉलिशचं पिंप आतून पाहिलं, आणि अण्णा प्रत्येक ठिकाणी आपल्यावरच खटला चालू असल्यासारखे दोन पावलं मागे उभे राहिले. कुठे काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण रंग कुठून आला हे न सांगता अहवाल कसा लिहिणार? माझ्याकडे एक सिद्धांत तयार होता. सांगलीतल्याच कुणा प्रतिस्पर्ध्यानं वाटेत रंग कालवला असणार. सातारच्या मुक्कामात मी तो मोठ्या आवेशानं लिहून काढला होता. अण्णांना वाचून दाखवला.

“पिवळ्यात लाल कोण घालंल साहेब?” अण्णा म्हणाले. “ज्याला हळदीतलं कळतं त्यो असलं करत न्हाई, आन ज्याला कळत न्हाई त्यो हळदीत कशाला पडंल?”

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

सांगलीत अण्णांच्या गिरणीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अंगणात एक नवा ट्रक भरत होता, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा. गिरणीत हवा पिवळी होती, भिंती पिवळ्या, हमालांच्या भुवया पिवळ्या, टेलिफोन पिवळा. थकलेलो होतो. समोर एक भरलेलं पोतं एकटंच बाजूला ठेवलेलं दिसलं. बसलो. अण्णांच्या तोंडून “साहेब…” एवढं निघालं, पण मग ते गप्प राहिले. जुन्या घरची माणसं, पाहुण्याला उठ कसं म्हणतील.

“हे एकटं का?” मी बसल्या बसल्या विचारलं.

“ते दारातलं पोतं,” अण्णा जरा अवघडून म्हणाले. “आमची आक्का, म्हणजे माझी आई, दर ट्रकाच्या एका पोत्याची पूजा करती. ते शेवटाला चढतंय, दाराशी. म्हणजे तिकडं गेल्यावर आदी तेच उतरणार. वडिलांच्या वेळेपासनं हाय.”

मला ते फार आवडलं. मी पोत्यावर थापही मारली.

जेवणाच्या बाबतीत मी आणखी एकदा माती खाल्ली. चौगुले जैन, आक्का सूर्यास्तानंतर तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत, आणि घरातले मोठे त्यांच्यापाठोपाठ. आम्ही गिरणीतून घरी पोचेपर्यंत त्यांचं जेवण आटोपलेलं. आमची पानं मात्र मांडली होती. आक्का समोर खुर्चीवर बसल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, बोटांचे सांधे सुजलेले. मी आपला सभ्यपणानं त्यांच्या पानाची वाट पाहत थांबलो. भात निवला. मॅडमही माझ्याकडे बघून थांबल्या. शेवटी आक्का म्हणाल्या, “का ओ, जेवण आवडलं न्हाई का तुमास्नी? पानाकडं बघत बसलाईसा ते.”

विश्रामबाग

आमची लॉजची सोय विश्रामबागेत होती. खोलीत आल्यावर आरशात पाहिलं, तेव्हा अण्णा मघाशी का अडखळले ते कळलं. कालचीच पँट मी झटकून घातली होती; तिच्या बसण्याच्या भागावर मेढ्याची हळद होतीच. तिच्यावर आता एक ठसठशीत लाल स्वस्तिक होतं, उलटं. आक्कांनी ओल्या कुंकवानं काढलेलं स्वस्तिक वाळण्याआधी मी त्यावर बसलो होतो. ते घेऊन मी गिरणीभर हिंडलो, हमालांना प्रश्न विचारले, आक्कांच्या पाया पडलो आणि बाहेर पडताना सगळ्यांकडे पाठ करून हात हलवला.

साबण लावला. पिवळे डाग क्षणात रक्तासारखे लाल झाले. मी बायकोला फोन केला.

“अहो, हळदीला साबण लागला की लालच होते,” ती म्हणाली. “उन्हात घाला, सगळं जाईल. लग्नातलं तुमचं धोतर कुणी धुतलं होतं वाटतं?”

सकाळी पँट गच्चीवर घातली आणि आम्ही मार्केट यार्डात सौदे, म्हणजे हळदीचे लिलाव, बघायला गेलो. हळदीचे ढीग, त्यांच्यामधून झपझप चालणारा घोळका, हळकुंड मोडल्याचा तो कोरडा आवाज. एक व्यापारी नुसत्या मोडीच्या आवाजावरून मान हलवत होता किंवा नकार देत होता. मॅडम म्हणाल्या, “आमच्याकडे हे फक्त पुडीत येतं.” त्या एका वाक्यात इतकं काही होतं, की मी माझं पुढचं माहितीपर भाषण गिळलं.

दुपारी लॉजवर परतलो. पँट काढायला गच्चीवर गेलो, तर मॅडम तिच्यासमोर उभ्या. हातात त्यांचा वाळलेला दुपट्टा, नजर माझ्या पँटीवर. काही बोलायच्या आत मीही पाहिलं. हळदीचे डाग गेले होते. पिवळे गेले, साबणानं लाल झालेले गेले. उन्हानं सगळं पिऊन टाकलं होतं. मधोमध फक्त ते उलटं स्वस्तिक होतं, गुलाबी, सुबक, काल होतं तसंच.

“मी कालपासून बघतेय,” मॅडम म्हणाल्या. “पण प्रतिपक्षाच्या वकिलाला हे सांगणं शिष्टाचारात बसतं का, ते कळेना.”

“कुंकू आहे,” मी म्हणालो. “आक्का पूजा करतात. पोत्यावर बसलो होतो.”

“हळद उन्हात उडाली. हे उडालं नाही. मग हा रंग हळदीतला नाही.” त्या पँटीच्या आणखी जवळ गेल्या. “ते पोतं ट्रकमधे कुठे असतं?”

“दारात,” मी म्हणालो.

“तपासणीवाले दाराजवळच्याच पोत्यांत नमुन्याची नळी खुपसतात,” त्या म्हणाल्या. “अख्खा ट्रक रिकामा करून कोण बघतं?”

नळी स्वस्तिकातून आत गेली असणार, पोत्याच्या विणीतून झिरपलेलं कुंकू घेऊन. कुणी काही मिसळलं नव्हतं. आक्कांनी पूजा केली होती. दोन देशांच्या दोन वकिलांना हे एका पँटीच्या मागच्या बाजूनं समजावलं, आणि ती दोरीवर डोलत होती तोवर आम्ही दोघंही तिच्यासमोर, एखाद्या शिलालेखासमोर उभं राहावं तसे उभे होतो.

“एक खरं सांगू?” मॅडम म्हणाल्या. “हे मी एकटीनं पाहिलं असतं, तर तुम्हाला सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही.”

मी तर सांगितलं नसतंच. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुन्हा चौगुल्यांकडे

मी उड्या मारतच अण्णांकडे गेलो. “अण्णा, सुटलात तुम्ही.” सगळं सांगितलं. अण्णा खाली बसले.

“आजवर कधी असं झालं न्हाई,” ते म्हणाले.

“कुंकू तेच आहे का?”

“आक्का घरी करायची, हळदीचंच. आता बोटं वळत न्हाईत तिची. दिवाळीपासनं डबी आणतोय बाजारातनं.” मग माझ्याकडे वळून, “साहेब, हे तिला सांगायचं कोण? लग्न होऊन आली तवापासनं पूजा करतीया ती. तुझ्या पूजेनं माल अडकला, असं तोंड वर करून सांगू तिला?”

माझ्यातला वकील तयारच होता. “नाव घालायलाच नको. हमालानं खूण म्हणून रंग लावला, असं लिहू.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. तेवढ्यात मॅडम दारात आल्या आणि आम्ही तिघंही आक्कांकडे गेलो; अहवालासाठी पूजा करणाऱ्याचा जबाब लागणार, हे मॅडमनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आक्का शेंगा निवडत बसल्या होत्या. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी सुरुवात केली: सदर मालाच्या वाहतुकीपूर्वी बाह्य घटकांचा अनवधानानं संपर्क…

“सरळ बोला की,” आक्का म्हणाल्या.

मी सरळ बोललो. आक्कांनी शेंगा बाजूला ठेवल्या, हाक मारून डबी मागवली, झाकण काढून नाकाशी धरली, बोटावर घेऊन चोळली.

“वास न्हाई ह्याला,” त्या म्हणाल्या. “मला तवाच कळाय पायजे हुतं.”

“आक्का, आम्ही हमालाचं नाव…” अण्णा म्हणाले.

“का? त्यानं काय केलंय? मी लावलं. मी लावलं म्हणून लिव्हा.” मग मॅडमकडे वळून, “आन ह्यात सुनेचं नाव घालू नका. डबी तिनं आणली, पर मीच सांगितलं हुतं.”

मॅडमनी हळू विचारलं, आणि अण्णांनी ते मराठीत केलं: “तुमच्या पूजेनं माल बिघडला असं कागदावर येईल. चालेल का?”

आक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “पूजा कशी बिघडवंल बाई? डबी बिघडली. डबी बिघडली म्हणून लिव्हा.”

मॅडमनी तसंच लिहिलं. नेपाळीत, देवनागरीत. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. वादी, प्रतिवादी, साक्षी, करार: शब्द सगळे ओळखीचे, आणि वाक्य काही केल्या कळत नव्हतं; शेवटी त्यांनीच ते हिंदीत वाचून दाखवलं. खाली आक्कांनी सुजलेल्या बोटांनी, दम खात, पूर्ण नाव लिहिलं. अंगठा चालेल म्हणून मी शाई पुढे केली होती. ती त्यांनी हातानं बाजूला सारली. मॅडमनी सही केली. मी केली. दारातली पोती सोडून आतल्या पोत्यांचे नमुने पुन्हा घ्यावेत, अशी दोन्ही पक्षांची मागणी त्याच दिवशी सीमेवर गेली.

हरिपूर

निकाल दोन दिवसांनी येणार होता. त्याआधी मॅडमना परत जायचं नव्हतं, मला जाववत नव्हतं. निकालाच्या दिवशी अण्णांनी आम्हाला हरिपूरकडे पेव दाखवायला नेलं. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी: वर माणूस मावेल एवढंच तोंड, आत रांजणासारखं फुगत गेलेलं. एके काळी इथल्या जमिनीखाली अशी हळदच हळद होती म्हणे. कीड नाही, ओल नाही, वर्षानुवर्षं जशीच्या तशी. बरीच पेवं पुरात गेली. अण्णांचं हे एक उरलेलं, तेही रिकामं.

झाकण सरकवलं आणि आम्ही ओणवे झालो. आत काळोख, आणि त्या काळोखातून वास आला. रिकाम्या खड्ड्याला इतका वास असू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पुरावा मागितला असता. मॅडमनी डोळे मिटले होते. आम्ही उभे होतो ते सगळं शिवार, पायाखालची सगळी जमीन, कधीकाळी आतून पिवळी होती. मी आणखी वाकलो, आणि माझा चष्मा आत पडला.

“उतरतो मी,” मी म्हणालो.

“न्हाई,” अण्णांनी माझा दंड धरला. “आत वारं खेळल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई. जीव जातो. उद्या काढू.”

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. बीरगंजहून. त्या ऐकत होत्या आणि मला त्यांचा चेहरा म्हणजे नुसता एक गव्हाळ ठिपका दिसत होता. अण्णा एका हातानं अजून माझा दंड धरून होते. त्यांची पकड घट्ट होत गेली.

“आतली सगळी पोती शुद्ध,” मॅडम म्हणाल्या. “माल सुटला. यादीत नाव नाही.”

अण्णा माझा दंड सोडायलाही विसरले. मग पेवावर झाकण ओढायला वाकले, आणि वाकलेले बराच वेळ उठले नाहीत.

निघताना

शेवटच्या दिवशी मी बीरगंजसाठी नवा करार लिहिला, चष्मा अजून पेवातच असल्यानं कागद नाकाला लावून. एवढं झाल्यावर मी फार कडक झालो होतो. कोणत्याही पोत्यावर, कोणत्याही कारणासाठी, कोणताही बाहेरचा पदार्थ लावला जाणार नाही. मॅडमनी एक स्वल्पविराम हलवला आणि सही केली. गिरणीत त्याच करारातला पहिला ट्रक भरून उभा होता.

आक्का ताट घेऊन खाली आल्या. बिनचष्म्याच्या मला एक पांढरा आकार आणि एक चमकतं ताट, एवढंच दिसलं. वास मात्र आला. या वेळी कुंकवाला वास होता. सून म्हणाली, आक्कांनी सांगितलं तसं तिनं घरी केलंय. हमाल थांबले. अण्णा पुढे झाले.

“आक्का, ह्या खेपेला पोत्याला लावायचं न्हाई. करारात हाय.”

“घरच्या कुंकवाचं पण न्हाई?”

“कशाचंच न्हाई.”

“कुणी लिवलंय?”

अण्णांनी माझ्याकडे आणि मॅडमकडे बघितलं असावं, कारण पांढरा आकार आमच्या दिशेला वळला. मी खुलासा तयार करत होतो, की हे आपल्याच हिताचं, तपासणीच्या दृष्टीनं…

“बरं,” आक्का म्हणाल्या. “म्हणजे आता माल पोत्याच्या भरवशावर न्हाई, तुमच्या भरवशावर जातोय. व्हय ना?”

मी हो म्हणालो. काय म्हणणार?

“मग वाका.”

आधी मॅडम वाकल्या, मग मी. त्यांचं बोट माझ्या कपाळावर टेकलं, जाड, सुजलेलं, थंडगार. चार तांदूळ डोक्यावर पडले. हमालांपैकी कुणीतरी खाकरलं, पण हसलं कुणी नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, दार लागलं, साखळी पडली, आणि एकाही पोत्यावर काही नसलेला तो ट्रक सांगलीहून दुसऱ्या देशाला निघाला.

आजवर मी कितीतरी करारांवर सह्या केल्या आहेत. काही चुकलं तर जबाबदार कोण, हे दरवेळी मी एखाद्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात, दुसऱ्याच कुणाच्या नावानं लिहीत आलो. त्या दिवशी ते माझ्या कपाळावर लिहिलेलं होतं, आणि ट्रक रस्त्याला लागेपर्यंत मी घाम पुसायलासुद्धा हात वर नेला नाही.